शुक्रवारचं भाकीत आणि अकराचा खेळ

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही सिनेमाच्या गल्ल्यावर कधीपासून बोलायला लागलात? मी म्हटलं, चाळीस वर्षं अनुमान शिकवलं. आज गावात सगळ्यात जास्त अनुमानं कुठे होत असतील तर ती दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सिनेमाच्या धंद्यात होतात. तिथे डोकावायला नको?

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. 2015 ची दिवाळी आठवा. 12 नोव्हेंबर, गुरुवार, पाडवा. त्या एका दिवशी तीन चित्रपट लागले. हिंदीत ‘प्रेम रतन धन पायो’, म्हणजे सलमान खान. मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’, आणि त्याच दिवशी ‘कट्यार काळजात घुसली’. आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. तिथे मी ठणकावून सांगितलं होतं की ‘कट्यार’ दुसरा रविवार बघणार नाही. कारणंसुद्धा दिली होती, प्राध्यापकच ना! 1967 चं नाटक. दारव्हेकरांचे शब्द, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतरावांचा खाँसाहेब ज्यांनी ऐकला ती पिढी आता गुडघ्यांना क्रेप बँडेज लावून बसलेली. तरुणांना नाट्यसंगीत नको. दिवाळीत माणसं हसायला जातात, दोन घराण्यांच्या गायकीची भांडणं बघायला जात नाहीत. आणि समोर सलमान. माझं अनुमान पंचावयवी होतं, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण सगळं जागच्या जागी. (हशा)

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ‘कट्यार’ चालला, आठवड्यामागून आठवडे चालला. ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’सुद्धा चालला. सलमानच्या सिनेमानंही आपले पैसे कमावले. मी ‘कट्यार’ बघायला गेलो तेव्हा माझ्या रांगेत तीन पिढ्या बसल्या होत्या आणि मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं गाण्यांबरोबर गुणगुणत होती.

एखादी चूक झाली तर माणूस सोडून देतो. मला प्रश्न पडला तो वेगळा. मी चुकलो आणि त्यानं काही बिघडलं नाही. कारण माझ्या भाकिताला विचारतो कोण? पण हेच भाकीत जो माणूस मल्टिप्लेक्सचे खेळ ठरवतो त्यानं केलं असतं, आणि ‘कट्यार’ला सकाळी अकराचा एकच खेळ दिला असता, तर माझं भाकीत खरं ठरलं असतं! आजचं व्याख्यान एवढ्याच मुद्द्यावर आहे. बाकी सगळा विस्तार.

आधी दिवाळीचं बघू. धंद्यातला समज असा की सणासुदीला लागलेला सिनेमा चालतो. त्यातले बारकावे धंद्याला पक्के ठाऊक असतात. दिवाळीआधीचा आठवडा मंद, कारण घरात साफसफाई आणि चकल्या. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मोकळी, कारण दुकानदार दुकानात आणि बाकीचे घरात. खरा धंदा पाडव्यापासून. म्हणून 2015 लाही पाडवा गाठला आणि 2018 लाही. हे अनुभवाचं ज्ञान आहे, त्याला मी हसत नाही. पण ‘दिवाळीत लागला म्हणून चालला’ हे मात्र तपासायला हवं.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी एक सुंदर हत्यार आहे, उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती बरोबर. उलटी करून बघा, ‘जिथे अग्नी तिथे धूर’. वरवर बरोबर वाटते, चुलीपाशी बसलेल्याला तर वाटतेच. पण लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर अग्नीमुळे येत नाही, ओल्या सरपणामुळे येतो. ओलं सरपण ही उपाधी. ती लपून राहिली की माणूस भलत्यालाच कारण समजतो.

आता दिवाळीतलं ओलं सरपण कोणतं? दिवाळीचा शुक्रवार कुणाला मिळतो? ज्याच्याबद्दल आधीच ठरलंय की हा चालणार, त्याला. सगळ्यात मोठा नट, सगळ्यात जास्त जाहिरात, सगळ्यात जास्त पडदे. 2024 च्या दिवाळीत 1 नोव्हेंबरला ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया 3’ एकाच दिवशी आले, तेव्हा लागण्याआधी काही आठवडे बातम्या होत्या त्या कथेच्या नव्हत्या, पडद्यांच्या वाटणीच्या होत्या. भाऊबंदकीतली जमीन वाटावी तशी. मग गल्ला जमला तर श्रेय कुणाला द्यायचं? दिवाळीला की पडद्यांना? मला तरी वाटतं की सणाला आपण फुकटचं श्रेय देत आलोय.

लोखंडाच्या गोळ्याची उदाहरणंही आपल्याकडे ढीगभर आहेत. 8 नोव्हेंबर 2018, पुन्हा पाडवा. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ लागला. अमिताभ, आमीर, अफाट खर्च. पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला, हिंदी सिनेमाचा त्या वेळेपर्यंतचा विक्रम. आणि दुसऱ्या दिवसापासून असा घसरला की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. दिवाळी होती, पडदे होते, सगळं होतं. त्याच दिवशी मराठीत ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ लागला होता. त्याला संध्याकाळचे खेळ मिळावेत म्हणून आंदोलनाची भाषा करावी लागली, आणि तो मात्र टिकला.

उलट बाजूनं घ्या. पितृपक्षात आपण नवं काही करत नाही. घर घेत नाही, गाडी घेत नाही, आमच्या शेजाऱ्यांनी तर फ्रिज बिघडला तरी नवरात्राची वाट बघितली. आणि गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या सप्टेंबरात, गणपती बोळवून आठवडा झाला नाही तोवर 12 तारखेला, ऐन पितृपक्षात, ‘दशावतार’ लागला. प्रमुख भूमिकेत एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर. कुठल्या अनुमानात बसतं हे? कोकणातला दशावतारी कलावंत, मोसम पडेल, नायक माझ्यापेक्षा वयानं मोठा. चांगला चालला. तसंच ‘नटसम्राट’ पाहा. 2016 च्या 1 जानेवारीला लागला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घर गमावलेल्या म्हाताऱ्याची शोकांतिका बघायला लोक सहकुटुंब गेले. ‘बाईपण भारी देवा’ 30 जून 2023 ला आला, शाळा सुरू झालेल्या, पाऊस लागलेला, सुट्टीचा मागमूस नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका नटूनथटून, रिक्षा करून, एकदा नाही दोनदा गेल्या. पंच्याहत्तर कोटींच्या वर गल्ला गेला. सहा मध्यमवयीन बहिणींची गोष्ट एवढी चालेल असं आधी कुणी छातीठोकपणे म्हटलेलं माझ्या कानावर नाही. नंतर मात्र सगळेच म्हणत होते की हे होणारच होतं.

या ‘होणारच होतं’वर थोडं थांबतो. चार्वाकाचा आक्षेप आठवतोय का? चार डोंगरांवर धूर पाहिला आणि अग्नी पाहिला, पण पाचव्याचं काय? चार्वाक म्हणेल, भविष्यातले आणि नजरेआडचे सगळे डोंगर तू पाहिलेले नाहीस, व्याप्ती कुठून आणलीस? युरोपात ह्यूमनं अठराव्या शतकात हेच दुखणं निराळ्या शब्दांत मांडलं. व्यवहारात आपण चार्वाकाला गप्प करतो, कारण अग्नी फार शहाणा नसतो. तो चार डोंगरांवर जसा वागला तसाच पाचव्यावर वागतो. प्रेक्षक तसा नाही. ‘सैराट’ चालला म्हणून गावाकडच्या प्रेमाचे डझनभर सिनेमे आले आणि गेले. पहिल्या डोंगरावरचा अग्नी बघून झाला होता, हेच दुसऱ्या डोंगरावर तो न पेटण्याचं कारण! आवडीच्या बाबतीत पुनरावृत्ती हाच कधी कधी बाधक हेतू ठरतो. हे गणित मांडणाऱ्यांना अजून नीट उमगलेलं नाही. सिक्वेलवर सिक्वेल काढतायत.

पण चूक होणं हा माझा मुख्य आरोप नाहीच. भाकितं चुकतातच. आपल्या सिमला ऑफिसचं बघा. वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा, हा विनोद पुण्यात माझ्या लहानपणापासून चालू आहे. वेधशाळेवर हा अन्याय आहे, असो. सांगायचं एवढंच की वेधशाळेनं पाऊस सांगितला म्हणून ढग भारावून जात नाहीत, नाही सांगितला म्हणून रुसत नाहीत. ढगांच्या कानावर भाकीत जात नाही. सिनेमाचं भाकीत मात्र प्रेक्षकाच्या कानावर जातं, आणि त्याच्या आधी पडदे वाटणाऱ्याच्या कानावर जातं. कार्ल पॉपरनं याला ईडिपसचं नाव दिलं. मूल बापाला मारील असं भविष्य सांगितलं म्हणून त्याला टाकून दिलं, आणि टाकून दिलं म्हणूनच ते पुढे खरं झालं. रॉबर्ट मर्टननं 1948 मध्ये बँकेचं उदाहरण घेतलं. बँक ठणठणीत आहे, पण बुडणार अशी आवई उठली, ठेवीदार धावले, बँक बुडाली. सहकारी बँकांच्या या राज्यात हे समजवायला जास्त शब्द लागू नयेत.

म्हणजे हे भाकीत वेधशाळेच्या जातीचं नाही, हुकमाच्या जातीचं आहे. बोलणारा भविष्यकाळात बोलतो, पण परिणाम आज्ञार्थाचा होतो.

पूर्वी भाकितं नव्हती का? होती की. 15 ऑगस्ट 1975 ला ‘शोले’ लागला तेव्हा धंद्यातल्या जाणकारांनी पहिल्या काही दिवसांत तो पडला असं सांगून टाकलं होतं. शेवट बदलावा का, इथपर्यंत चर्चा झाली. सलीम-जावेद यांनी उलट जाहिरात देऊन सांगितलं की प्रत्येक मोठ्या विभागात हा चित्रपट कोटीचा धंदा करील. लोक हसले. पुढे मिनर्व्हात तो पाच वर्षं होता. त्याच वर्षी आलेला ‘जय संतोषी माँ’ तर कुणाच्याच हिशेबात नव्हता. बायका चपला बाहेर काढून आत जायला लागल्या तेव्हा हिशेब बदलले. प्रभात फिल्म कंपनीचा, आपल्या पुण्याचा, ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला तो वर्षाहून अधिक काळ उतरला नाही.

फरक कुठे पडला? जाणकार तेव्हाही चुकत होते, पण सिनेमाला त्यांना खोटं पाडायला वेळ मिळत होता. थिएटर एक, पडदा एक, दिवसाचे तीन-चार खेळ, आणि ते सगळे त्याच सिनेमाचे. माझ्या तरुणपणी अप्पा बळवंत चौकातल्या ‘प्रभात’वर, आता ते पुन्हा किबे लक्ष्मी झालंय, किंवा ‘विजय’वर मराठी सिनेमा लागला की बाहेरच्या फलकावर आठवड्याचा आकडा बदलत जायचा. पहिल्या आठवड्यात आत्या बघायची, दुसऱ्यात ती आईला सांगायची, तिसऱ्यात आई, चौथ्यात आईच्या आग्रहानं वडील. ही आत्या-आई-वडील साखळी पूर्ण व्हायला महिना लागतो. दादा कोंडक्यांचे रौप्यमहोत्सव या साखळीवर झाले. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. ‘सोंगाड्या’ला 1971 साली दादरच्या कोहिनूरमधून हिंदी चित्रपटासाठी हटवायला निघाले तेव्हा शिवसेना मध्ये पडली म्हणून तो टिकला. 2013 मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ येणार म्हणून ‘दुनियादारी’ उतरवू नका हे मनसेला सांगावं लागलं. शिरवळकरांची कादंबरी, पुण्याचा कट्टा, तिकिटं खपत होती, तरी! धाकानं पडदा मिळवावा लागणं मला शोभादायक वाटत नाही. पण ती वेळ कुणी आणली, हेही विचारलं पाहिजे.

आता यातला पैशाचा भाग, थोडक्यात सांगतो. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचा मोठा तंटा झाला. एप्रिल ते जून नवे सिनेमे लागलेच नाहीत. तडजोडीत ठरलं ते असं, पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा निर्मात्या-वितरकाकडे, दुसऱ्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे निर्मात्याचा जीव पहिल्या आठवड्यात. जेवढे पडदे तेवढे पहिल्या तीन दिवसांत अडवा, सोमवारी माणसं खरं काय ते बोलायच्या आत पैसे गोळा करा. मोठ्याला हे जमतं. छोट्याचा जीव नेमका तिसऱ्या आठवड्यात असतो, आणि तो तिथपर्यंत पोचतच नाही.

‘सैराट’चं उदाहरण देऊन लोक मला गप्प करतात. म्हणतात, चांगला असेल तर कुणी अडवू शकत नाही. 29 एप्रिल 2016 ला लागला, समोर ‘बागी’ होता, नायक-नायिकेचं नाव कुणाला माहीत नव्हतं, तरी शंभर कोटींच्या घरात गेला. रहिमतपूरला रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला. खरंय. पण वादळात एक झाड उभं राहिलं म्हणून वादळ नव्हतं असं ठरत नाही. ‘सैराट’ आपल्याला दिसतो कारण तो वाचला. जे वाचले नाहीत त्यांची नावं मी इथे घेतली तर तुम्ही म्हणाल, हा कुठला सिनेमा?

अशा एकाची गोष्ट सांगतो, नाव न घेता. माझा एक जुना विद्यार्थी. बी.ए.ला माझ्याकडे तर्कशास्त्र होतं, मग सिनेमाकडे वळला. पाच-सहा वर्षं खपून त्यानं पहिला चित्रपट केला. दिवाळीच्या सुट्टीत लागला. ग्रेट होता असं नाही म्हणणार, उत्तरार्धात वीस मिनिटं कापायला हवी होती, त्यालाही सांगितलं. पण त्यात एका बापलेकीचा, एसटी स्टँडवरचा एक प्रसंग आहे, तसा मी फार कमी वेळा पाहिलाय. पुण्यात त्याला खेळ मिळाले ते शहराच्या कडेला, सकाळी अकराचे. मी आणि सौ. बुधवारी गेलो. दोन बस बदलून. आत मोजून अकरा माणसं, आम्ही धरून. तिकीट खिडकीवरचा मुलगा सज्जन होता, म्हणाला, “आजोबा, या पिक्चरला रिस्पॉन्स नाही. शुक्रवारी काढणार.” आणि काढलाच.

मी हट्टी माणूस. पुढच्या बुधवारी त्याच वेळी, त्याच पडद्यावर, त्याच्या जागी लावलेला मोठा हिंदी सिनेमा बघायला गेलो. सौ. आल्या नाहीत, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. (हशा) आत किती माणसं असावीत? चौदा! त्याला मात्र रिस्पॉन्स नाही असं कुणी म्हणालं नाही, कारण त्याचे संध्याकाळचे पाच खेळ भरत होते.

इथे मला मीमांसकांची आठवण येते. आपल्याकडे अभावाचं ज्ञान कसं होतं यावर शतकानुशतकं वाद झाले आहेत. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? दिसला नाही म्हणून. याला अनुपलब्धी म्हणतात. पण लगेच अट घातली, अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसला असता अशी परिस्थिती हवी. मिट्ट अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही म्हणणारा माणूस मूर्ख. उजेड करा, मग बघा, मग म्हणा नाही.

बुधवारी सकाळी अकराला, शहराच्या टोकाला, नोकरी करणारा माणूस येऊ शकतो का? मुलांना क्लासला सोडणारी बाई येऊ शकते का? प्रेक्षक असता तरी तिथे दिसला नसता. मग त्या अकरा डोक्यांवरून ‘प्रेक्षक नाही’ हा निष्कर्ष काढणं ही अयोग्य अनुपलब्धी. दिवा न लावता घडा शोधणं. हे गणित आता संगणक करतो असं मला सांगतात, मागच्या सिनेमांचे आकडे घेऊन नव्याचे खेळ ठरवतो. म्हणजे अंधारात काढलेल्या निष्कर्षांची बेरीज आता जास्त वेगानं होणार.

मल्टिप्लेक्सवाल्याची बाजू मला कळते. त्याला भाडं आहे, वीज आहे, रिकामी खुर्ची म्हणजे तोटा. मराठीवर उपकार करायला त्यानं दुकान उघडलेलं नाही. आणि मराठी निर्मातेही काही कमी नाहीत. एकाच शुक्रवारी तीन-तीन, चार-चार लावतात आणि मग पडदे नाहीत म्हणून रडतात. 2015 च्या पाडव्याला दोन्ही चालले, पण तो जुगारच होता. 2015 च्याच एप्रिलमध्ये सरकारनं संध्याकाळी सहा ते नऊ मराठी चित्रपट दाखवा असं जाहीर केलं. आरडाओरडा झाल्यावर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. दुपारी बारा! आमच्याकडे प्राइम टाइम म्हणजे वरणभाताची वेळ. हेतू चांगला होता, नेम चुकला. प्रश्न घड्याळाचा अर्धाच आहे, उरलेला अर्धा कॅलेंडरचा आहे. मला विचाराल तर एक साधी गोष्ट करता येईल. खेळ कमी द्या, दोनच द्या, पण त्यातला एक संध्याकाळचा असू द्या आणि तीन आठवडे हलवू नका. मग खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर खुशाल काढा. तेव्हा मी खिडकीवरच्या मुलाशी वाद घालणार नाही, कारण तेव्हा दिवा लावून बघितलेलं असेल.

तक्रार माझ्याच वर्गाविरुद्धही आहे, परीक्षण लिहिणाऱ्यांविरुद्ध. पूर्वी सोमवारी माणसं विचारायची, कसा आहे? आता विचारतात, किती केला? आणि आपण लेखणीवाले उत्तरही देतो, इतके कोटी, इतकी घसरण. सिनेमाबद्दल बोलायची जागा आपण आपल्या हातानं गल्ल्याला दिली. एखादा चित्रपट काय म्हणतो, कुठे खोटा पडतो, हे न सांगता तो किती कमावेल हे सांगणं म्हणजे रोग्याची नाडी न बघता अंत्ययात्रेला किती माणसं येतील ते सांगणं. मी स्वतः ‘कट्यार’च्या वेळी नेमकं हेच केलं होतं. सिनेमा न बघता!

तो विद्यार्थी परवा येऊन गेला. दुसरी पटकथा लिहितोय. निर्मात्यानं त्याला विचारलंय की यातला कोणता सीन दिवाळीला चालेल. एसटी स्टँडचा तसा प्रसंग यातही आहे, तो ठेवू की काढू, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, ठेव. तो म्हणाला, सर, तुमचं भाकीत? मला उत्तर सुचलं नाही.

साडेसात वाजले. कुणाचे प्रश्न असतील तर घेतो. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.